पांढऱ्या बुटांचे दोन जोड

माझ्या धाकट्या जावेचं, लीलाचं, कुणी कौतुक केलं की मी आधी गप्प बसते आणि मग हळूच विषय बदलते. जुनी खोड आहे. आता तिच्याबद्दल लिहायलाच बसले आहे तर आधीच सांगून टाकते, वीस वर्षं मी या बाईवर जळत आले आहे. उगाच नाही. कारणं आहेत, आणि ती सगळी हिवाळ्यातली आहेत.

आम्ही नवनगरात राहतो. दोन भावांची दोन घरं, मधे एक भिंत, पुढे एकच फाटक. मी थोरली, कृष्णाबाई, हुबळीच्या मराठी शाळेत मास्तरीण. लीला पंच्याऐंशी साली लग्न होऊन बेळगावहून आली. किडकिडीत, सावळी, बोलणं बेताचं. टेलिफोन खात्यात नोकरीला होती. दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांचे ट्रंक कॉल जोडून द्यायचे आणि संध्याकाळी बसनं घरी यायचं. तिला मूलबाळ झालं नाही. मला एकच मुलगी, सावनी.

दर कार्तिकात आमच्यातल्या बायका वनभोजनाला जातात. आवळ्याच्या झाडाखाली पूजा, तिथेच चूल, तिथेच पंगत. आमचं ठरलेलं झाड रायापूरच्या मागे यल्लव्वाच्या शेतात होतं. टेंपो ठरवायचा, भांडी जमवायची, चित्रान्न कुणी करायचं आणि कोशिंबीर कुणी, हे सगळं माझ्याकडे. माझ्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. त्र्याण्णव साली बायका टेंपोत चढत होत्या तेव्हा लीला म्हणाली, "अक्का, मी चालत येऊ का? आडवाटेनं तीन मैल तर आहे. हवा किती छान पडलीय."

"चाल बाई," मी म्हटलं, "तेवढीच माझ्या पातेल्याला जागा होईल."

बायका खो खो हसल्या. मलाही बरं वाटलं. पण पुढे काय झालं, तर अमरगोळच्या बाजाराकडे निघालेल्या कापसाच्या गाड्यांत आमचा टेंपो अडकला. तासाभरानं पोचलो तर ही बया आवळ्याखाली बसलेली. जागा झाडलेली, पाणी शिंपडलेलं, चुलीचे दगड मांडलेले, चेहरा नुसता तकतकीत, आणि यल्लव्वाशी कन्नडात गप्पा रंगलेल्या. त्या दिवशी पंगतीत माझ्या चित्रान्नाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. लीला चालत आली, लीला चालत आली, हेच सुरू. शेजारची शेवंता तर सगळ्यांदेखत म्हणाली, "पुढच्या वर्षी आपण सगळ्याच चालत येऊ की." मी तेव्हा ताक वाढत होते. तिच्या वाटीत वाढलंच नाही.

पुढच्या शनिवारी लीला दोन खोकी घेऊन माझ्या दारात. आत पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांचे दोन जोड.

"अक्का, दर रविवारी पहाटे फिरायला जाऊ या का? मार्गशीर्ष आणि पौष, दोन महिने. तुमच्यासाठी पण आणलेत."

"माझं माप तुला कसं कळलं?"

"दारातल्या तुमच्या चपला बघितल्या."

आता खरं सांगते. मला लहानपणापासून थंडी आवडते. हुबळी-धारवाडची थंडी ती काय, असं बाहेरचा माणूस म्हणेल. इथे पारा चौदा-पंधरावर आला की बाप्ये कानटोप्या काढतात. पण पहाटे शेतांवर धुकं बसतं, ज्वारीच्या पानांवरून दव टपटपतं, बोलताना तोंडातून वाफ निघते, तेव्हा माझा जीव कसा हरखून जातो! ते बूट पायात चढवून तिथल्या तिथे फाटकाबाहेर पळत सुटावं असं वाटलं. पण मी थोरली. तिनं पुढे चालायचं आणि मी मागून? उद्या शेवंता गावभर सांगणार, लीलानं कृष्णाबाईंनाही चालायला लावलं. मी खोक्याचं झाकण लावलं आणि म्हटलं, "मला थंडी सोसत नाही गं."

एवढं एकच वाक्य. पण बोललेलं वाक्य निभवावं लागतं. दर वर्षी दिवाळी संपली की मी मफलर बांधू लागले, स्वेटर घालू लागले, चपलेत पायमोजे. शाळेत मुलांनी माझं नाव स्वेटरबाई पाडलं. ह्यांना बिचाऱ्यांना माझी काळजी, तर ते हौसेनं लोकरीची शाल घेऊन आले. भर दुपारी दोनच्या उन्हात, गळ्याभोवती घाम निथळत असताना मफलर सांभाळायचा म्हणजे काय, ते मलाच ठाऊक. रोज पहाटे, घरातलं कुणी उठायच्या आत, मी गच्चीवर जायची आणि शाल-स्वेटर काही न घेता पाच-दहा मिनिटं नुसती उभी राहायची. तेवढाच माझा हिवाळा. कुणाला कळायचं काही कारण नव्हतं.

त्या शनिवारी लीला दुसरं खोकं परत न्यायला निघाली तेव्हा सावनी मधे उभी होती. बारा वर्षांची.

"काकू, मी येऊ?"

बूट तिला मोठे होत होते. पुढे कापूस कोंबला आणि माझ्या मापाचे बूट घालून माझी मुलगी माझ्या जावेबरोबर निघाली. दुसऱ्या वर्षी कापसाची गरज राहिली नाही.

लीलाच्या फिरण्यात खरं म्हणजे काही नव्हतं. ती लांब कुठे जात नसे, जोरात चालत नसे. ऑफिसातली मंडळी बदामी बघून आली, गोव्याला जाऊन आली. ही आपली त्याच तीन मैलांत. कधी रायापूरच्या बांधावरून, कधी उणकलच्या तळ्याकाठी पाखरं बघायला. कुणी विचारलं तर म्हणायची, "इथलंच अजून बघून झालं नाही." साताला परत येऊन, अंघोळ करून, पुन्हा सगळ्यांच्या आधी तिच्या अंगणात रांगोळी. मी खिडकीतून बघायची आणि मनात म्हणायची, आहे काय त्यात एवढं?

पण सावनी परत यायची ती वेगळीच होऊन. केसांना धुराचा वास, बुटांना काळी माती, तोंडाचा पट्टा सुरू. पौषात यल्लव्वा शेतात शेणीच्या विस्तवावर कोवळी ज्वारीची कणसं भाजून द्यायची. आपण हुरडा म्हणतो, ती सीतनी म्हणायची. "बर्री अक्का, कूड्री," म्हणून बसवून घ्यायची, आणि हातावर हुरडा, गूळ, गुरेळाची, म्हणजे कारळ्याची, चटणी. सावनी त्यातला मूठभर रुमालात बांधून माझ्यासाठी आणायची.

"आई, गरम असताना काय लागतो माहितीय!"

"ठेव तिकडे, नंतर बघते," मी म्हणायची. मग ती अंघोळीला गेली की स्वयंपाकघरात दाराआड उभी राहून मी तो गार हुरडा शेवटच्या दाण्यापर्यंत खायची. चव चांगली असायची, आणि त्याचाच मला राग यायचा.

रविवारी पहाटे दोघी निघताना फाटकापाशी नेहमी उशीर. सावनीच्या बुटाची लेस सुटायची. ती खाली बसायची, बांधायची, पुन्हा सोडायची. लीला शेजारी मुकाट उभी. मी मफलर गुंडाळून खिडकीतून ओरडायची, "अगं जा की लवकर! काकूला किती ताटकळत ठेवशील?" मास्तरीणच मी, वेळेच्या बाबतीत कडक.

पंच्याण्णवच्या हिवाळ्यात एक गोष्ट झाली. सावनी मोठी झाली, हे मला सोमवारी कळलं. लीलाला रविवारीच कळलं होतं, वाटेत, रायापूरच्या बांधावर. तिनं पोरीला धीर दिला, घरी आणलं, सगळं समजावून सांगितलं. मला सांगायला सावनीला एक दिवस लागला. मी तिची आई!

त्या रात्री जेवताना ह्यांच्यापुढे माझा तोल सुटला. मी म्हटलं, "स्वतःला नाही, म्हणून दुसऱ्याचं मूल पळवायचं."

"हळू बोल," हे म्हणाले, आणि भिंतीकडे बघितलं.

भिंत एका विटेची. पलीकडे ताट-वाट्यांचा आवाज चालला होता, तो थांबला.

पुढच्या रविवारी लीलाचं दार उघडलं नाही. सावनी बूट घालून पायरीवर बसली ती नऊ वाजेपर्यंत. मी म्हटलं, "काकूला बरं नसेल." त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. पोर जेवेना, माझ्याशी बोलेना. तिला काही माहीत नव्हतं आणि मला सगळं माहीत होतं. तिसऱ्या शनिवारी मी पुरणाचे कडबू केले, वाटीत घातले आणि लीलाकडे गेले. माफी मागावी असं मनात होतं.

"उद्या हिला घेऊन जा," मी म्हटलं. "घरात नुसती भुणभुण करते."

"बरं अक्का."

रिकामी वाटी परत द्यायची नाही, म्हणून तिनं वाटीत गुळाचा खडा घालून दिला. ना रुसवा, ना टोमणा. माझ्याहून लहान असून माझ्याहून शहाणी. तो गूळ मी चहात घातला, आणि तो चहा मला गोड लागला नाही.

अशी वर्षं गेली. दोघी दर हिवाळ्यात चालत राहिल्या. सावनी हुबळीतच इंजिनियर झाली. दोन हजार तीन साली तिचं लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर, प्रभंजनबरोबर, ती अमेरिकेला गेली. मिनेसोटा म्हणून एक राज्य आहे, तिथे. मला वाईट वाटलंच. पण मनाच्या एका कोपऱ्यात असंही वाटलं, खोटं कशाला बोलू, की चला, आता आम्ही दोघी जावा सारख्या. तिच्याकडेही नाही, माझ्याकडेही नाही.

जानेवारीत एका पाकिटातून दोन फोटो आले. एक माझ्यासाठी, एक लीलासाठी. फोटो एकच. चहूकडे पांढरंशुभ्र, मधे सावनी, गालांवर तोच तकतकीतपणा, आणि पायांना सुपांसारखं काहीतरी बांधलेलं. फोनवर तिनं सांगितलं होतं, त्याला स्नोशू म्हणतात. मऊ बर्फात पाय रुतू नयेत म्हणून बुटाखाली ती रुंद जाळी बांधायची आणि खुशाल चालत सुटायचं. तिच्या घरामागेच झाडी आहे, एक तळं आहे, ते हिवाळ्यात गोठतं. शनिवार-रविवार ती तिथेच असते.

मी दोन्ही फोटो उलटून पाहिले. लीलाच्या फोटोमागे लिहिलं होतं, "काकू, आपल्यासारखंच. घराजवळ." माझ्या मागे लिहिलं होतं, "आई, इथे फार थंडी आहे. तुला नाही आवडणार."

लीलाचा फोटो तिला दिला. माझा कपाटात कपड्यांखाली घातला. रोज काढून बघायची. त्या बर्फावर आपण चाललो तर कसा आवाज होत असेल, याचा विचार करायची.

त्याच वर्षी लीलानं नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. आणि ऑक्टोबरात, एका रविवारी सकाळी, सावनीचा फोन आला.

"आई, तू आणि बाबा मे महिन्यात या. हवा मस्त असते. आणि काकूला सांग, तिनं जानेवारीत यायचं. स्नोशू घालून तिला तळ्यावर फिरवायचंय. गेल्या हिवाळ्यापासून माझ्या मनात आहे. तिकीट मी पाठवते."

"सांगते," मी म्हटलं. फोन ठेवला आणि देवघरात जाऊन बसले. देवाला काही सांगायचं नव्हतं. फक्त तिथे कुणी येत नाही. पोटची पोर बर्फ दाखवायला बोलावते, ती जावेला! आणि मला मे महिना! आमच्या मे महिन्यातून उठून तिच्या मे महिन्यात!

दोन दिवस मी निरोप दिलाच नाही. तिसऱ्या दिवशी सावनीनं लीलालाच फोन केला. संध्याकाळी लीला आली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली.

"अक्का, जानेवारीत तुम्ही जा."

"तुला बोलावलंय. मला कशाला?"

"मी फिरले की तिच्याबरोबर दहा वर्षं. आता तुम्ही फिरा."

"मला थंडी सोसत नाही," मी म्हटलं. ऑक्टोबरचा उकाडा, समोर तवा तापलेला.

लीलानं पदरानं कपाळाचा घाम पुसला. मग म्हणाली, "अक्का, मी पहाटे उठते. त्र्याण्णवपासून बघतेय. गच्चीवर बिनशालीच्या उभ्या असता."

तव्यावरची भाकरी करपली. मी ती उतरवली, दुसरी थापायला घेतली, पण पीठ हाताला लागेना.

"मग आजवर बोलली का नाहीस?"

"तुम्ही थोरल्या. तुमचं बोलणं मी कसं खोटं पाडू?"

दुसरी कुणी असती तर म्हटलं असतं, टोमणा मारते आहे. पण ही लीला. तिला खरंच तसं वाटत होतं. माझा मान राखायचा म्हणून तिनं अकरा हिवाळे मला मफलरात उकडू दिलं. मला तिचा इतका राग आला, आणि त्याच वेळी असं वाटलं की हिच्या गळ्यात पडावं. दोन्हींपैकी काहीच केलं नाही. भाकरी केली. तिला गरम भाकरी आणि लोणी वाढलं. पहिल्यांदाच, मनापासून.

"सावनीला तुम्हीच सांगा," ती उठताना म्हणाली. "मी सांगणं बरं नाही."

रविवारी फोन आला तेव्हा लीला, निवृत्त झाल्यापासून ती बारमाही फिरायची, नुकतीच फिरून परतली होती आणि आमच्याच दारात बूट झटकत उभी होती. मी शाळेतल्या मुलांना कविता पाठ म्हणायला लावते, तसं वाक्य मनाशी दहादा घोकलं होतं.

"सावनी, मला थंडी सोसते."

"काय?"

"सोसते. आवडते. पहिल्यापासून."

 मग ती बोलली. तेवीस वर्षांची लग्न झालेली मुलगी, पण आवाज बारा वर्षांच्या पोरीचा.

"मग तू आली का नाहीस?"

मी फोनची वायर बोटाला गुंडाळू लागले.

"मी दर रविवारी फाटकापाशी बुटाची लेस सोडायचे आणि परत बांधायचे. वाटायचं, तेवढ्यात तू मफलर टाकून येशील. काकूला कळायचं. ती काही बोलायची नाही, थांबायची. आणि तू खिडकीतून ओरडायचीस, जा लवकर म्हणून."

इतकी वर्षं मी लीलाला मनातल्या मनात चोर म्हणत होते. माझी पोर माझ्यापासून दहा पावलांवर, फाटकाशी, माझ्याचसाठी खोळंबून उभी असायची, आणि मीच तिला हाकलत होते. लीलानं काही नेलं नव्हतं. मी दिलं होतं, खिडकीतून ओरडून ओरडून.

"आता येऊ का?" मी विचारलं. माझ्या मुलीची परवानगी मी आयुष्यात पहिल्यांदा मागत होते.

ती रडत होती की हसत होती, कळलं नाही. "ये ना. दोघी या. माझ्यासाठी दोघी या. स्नोशू इथे भाड्यानं मिळतात, पण आत घालायला उबदार बूट लागतात. ते मी आणून ठेवते. तुझा नंबर किती?"

"बुटाचा नंबर? मला काय ठाऊक?" जन्मभर मी चपला वापरल्या, त्याही दुकानात पाय घालून बघून घेतल्या.

"पाच," दारातून लीला म्हणाली.

मी वळून बघितलं. ती खाली बसून तिच्या बुटांची लेस सोडत होती. माझ्या पायाचं मापसुद्धा हिच्यापाशी! सवयीनं मी पुन्हा जळले, अगदी पहिल्यासारखी.

"पाच," मी फोनमध्ये सांगितलं. "आणि काकूचा किती ते तिलाच विचार. मला माहीत नाही."